एक वस्तू तेवढी धुवायची नाही

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या घरी साफसफाईचा अंमल सुरू होतो. या काळात पुरुषमाणसाने घरात शक्यतो राहू नये आणि राहिल्यास बोलू नये, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. माळ्यावरची पातेली खाली येतात, पंख्यांची पाती पुसली जातात, माझ्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांकडे ‘ही रद्दी कधी जाणार?’ अशा नजरेने पाहिले जाते. यंदा मात्र या धडाक्यात मला एका वस्तूसाठी सौभाग्यवतींच्या आडवे उभे राहावे लागले. ती वस्तू म्हणजे वीतभर लांबीचा, तपकिरी, बुळबुळीत, किळस यावी असा एक स्पंज.

“हा धुवायचा नाही,” मी म्हणालो.

“शी! दिवाळीत घरात ही घाण?”

“ही घाण नाही. हे विरजण आहे.”

सौ.ने माझ्याकडे अशा काही चेहऱ्याने पाहिले, की ही गोष्ट वाचकांना पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

गेल्या जून महिन्यात आमची नात चौथीत गेली. शाळा सुरू होताना तिने आजोबांकडे एकच मागणे मागितले. तिला घरात काचेच्या पेटीत मासे हवे होते. मला ‘नाही’ म्हणता येईना. मी स्वतः शाळेत असताना वडिलांबरोबर मुंबईला गेलो होतो आणि मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते सुरू झाले 1951 साली. बीडच्या मुलाने समुद्रही त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला, पण रात्री डोळ्यांपुढे राहिले ते काचेपलीकडून टकमक बघणारे मासे. तेव्हा नातीच्या हट्टात माझाही थोडा हट्ट होता, हे कबूल करतो.

टाकी आणली ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. हिशेबाने तिच्यात सत्तर लिटर पाणी मावते. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साठ लिटर धरा. टाकीवर बसणारा एक लांबट डबा मिळाला. छोटा पंप पाणी वर चढवतो आणि ते डब्यातल्या थरांतून गाळून परत खाली पडते. दुकानदाराने डब्यात पांढरा कापूस घालून दिला आणि वर एक मंत्र दिला: “फिल्टर आहे, आता पाण्याची काळजी नाही.” सोन्यासारखे दोन गोल्डफिश घेतले. नातीने त्यांची नावे ठेवली लाडू आणि जिलबी.

‘पाण्याची काळजी नाही’ हे शब्द बीडच्या माणसाला किती गोड लागतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळणार नाही. यंदा मृग कोरडा गेला होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, बोअरची धार करंगळीएवढी झाली होती आणि गल्लीत टँकर येत होता. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आम्ही कोणी विसरलेलो नाही. अशा गावात शोभेच्या माशांसाठी साठ लिटर पाणी अडवून ठेवायचे, ही गोष्ट मनाला टोचत होतीच. आमच्या कामाच्या मावशींनी ती बोलून दाखवली.

“काका, मासळीला फिल्टर अन् आमाला टँकर. बरंय की!”

त्या हसत म्हणाल्या, पण मी हसू शकलो नाही. मी मनाशी ठरवले, की एकदा भरले ते भरले. या टाकीत पुन्हा पाणी ओतायचे नाही. फिल्टर घेतला आहे तो त्याचसाठी.

आणि मी फिल्टरची सेवा सुरू केली. दर रविवारी डबा काढायचा, नळाखाली धरून तांब्याच्या घंगाळासारखा लख्ख घासायचा, जुना कापूस फेकून नवा घालायचा. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असे. नात दिवसातून पाचदा खाऊ टाकत असे. दुसऱ्या रविवारनंतर मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आम्हांला वाटले, गाणे म्हणताहेत. बुधवारी सकाळी जिलबी आणि संध्याकाळी लाडू, दोघेही पाण्यावर आडवे झाले.

नात रडली नाही. तिने मला विचारले, “आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं. मग ते कशाने मेले?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘देवाला आवडले’ असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाला पुरणारे ते उत्तर नव्हे. मी म्हणालो, “शोधून सांगतो.”

माझा एक शाळूसोबती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाला आहे. त्याच्याकडे गेलो. त्याने सगळी हकीकत ऐकली, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “तुझ्या घरी दही कोण लावतं?”

“सौ. लावते.”

“तिने रोज विरजणाचं भांडं घासून, उकळत्या पाण्याने धुऊन ठेवलं आणि नुसत्या दुधाला म्हणाली, लाग बाबा, तर लागेल?”

मग त्याने मला जे समजावून दिले ते येथे थोडक्यात देतो. ज्यांच्या घरी यंदा दिवाळीची भेट म्हणून टाकी येणार असेल, त्यांनी हे वाचूनच दुकानात जावे.

मासा श्वास घेताना कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेला खाऊ आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असूनही विषारी असू शकते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यासारखे क्षारयुक्त, अल्कधर्मी पाणी असले आणि वर उन्हाळा असला, की हे विष अधिकच जहाल होते. निसर्गाने याची तोड करून ठेवली आहे. नायट्रोसोमोनाससारखे काही जिवाणू अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. हे दुसरे काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असे पुस्तकांतून अनेक वर्षे सांगितले जाई; 1998 साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे आढळले. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एवढे लक्षात ठेवा, की हे जीव पाण्यात तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. त्यांना बसायला जागा, खायला अमोनिया आणि श्वासाला वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात.

“म्हणजे मी दर रविवारी...”

“दर रविवारी तू जेमतेम लागू लागलेलं विरजण मोरीत सोडत होतास,” मित्र म्हणाला. “आणि पाणी बदलत नव्हतास.”

आता फिल्टरच्या डब्यात घालायचे काय, हा प्रश्न. दुकानातल्या फळीवर दहा पुड्या असतात आणि प्रत्येकीवर तीच सर्वश्रेष्ठ असल्याचे छापलेले असते. मित्राने कागदावर तीन रकाने आखले: गाळणे, पचवणे आणि शोषणे.

गाळण्याचे काम स्पंज आणि कापूस करतात. चहाच्या गाळणीचेच काम. आधी मोठ्या भोकांचा स्पंज, मग बारीक कापूस, हा क्रम. उलटा केला तर कापूस दोन दिवसांत तुंबतो. कापूस फेकायचा असतो, पण स्पंज फेकायचा नसतो, कारण त्याच्या भोकाभोकांत दुसऱ्या रकान्यातली मंडळीही बिऱ्हाड करतात.

पचवण्याचे काम जिवाणूंचे. त्यांच्यासाठी चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या, प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड असे नाना प्रकार मिळतात. हे सगळे म्हणजे फक्त चाळी. खोल्या जितक्या जास्त तितकी वस्ती मोठी. या थरापर्यंत पाणी गाळून आले पाहिजे, नाहीतर गाळाने खोल्यांची दारेच बुजतात.

मी विचारले, “ज्वालामुखीचा दगड परगावाहून का आणायचा? आपला सगळा बालाघाट त्याचाच आहे की!”

मित्र खूश झाला. दख्खनच्या काळ्या पाषाणात जागोजाग पोकळ्या असतात, हे खरेच. पण त्या पोकळ्यांत पुष्कळदा चुन्याचे स्फटिक असतात, आणि आपले पाणी आधीच इतके जड, की नळाच्या तोट्यांवर पांढरी पुटे चढतात. म्हणून डोंगरातला दगड टाकीत घालण्यापूर्वी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर दगड बागेत ठेवावा.

त्याच पोकळ्यांत सापडणारे दुसरे रत्न म्हणजे झिओलाइट. महाराष्ट्रातल्या झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. दुकानात मिळणारी झिओलाइटची खडी पाण्यातला अमोनिया ओढून घेते, आणि हा आला तिसरा रकाना. पण ती काही दिवसांत भरते, आणि भरली की नुसती खडी उरते. शिवाय नव्या टाकीत ती पहिल्यापासून ठेवली, तर जिवाणूंना खायला पुरेसे उरत नाही आणि वस्ती रेंगाळते. तेव्हा हे औषध अडीअडचणीचे.

याच रकान्यात कोळसा येतो. आमच्या आजोळी घडवंचीवर एकावर एक तीन मडकी असत. वरच्या मडक्यात कोळसा, मधल्यात वाळू आणि खालच्यात झिरपलेले पाणी. आजी निवळीचे बी उगाळून गढूळ पाणी निवळत असे. टाकीसाठी मिळणारा कोळसा विशेष प्रकारे तयार केलेला असतो. तो रंग, वास आणि माशांना दिलेल्या औषधाचा अंश शोषून घेतो. अमोनियाला मात्र तो फारसा दाद देत नाही, आणि तोही काही आठवड्यांत थकतो. रोज लागणारी ही वस्तू नव्हे. डब्यात बंद करून ठेवावी.

“मग यातलं काय घातलं म्हणजे पाणी बदलावं लागणार नाही?” मी माझा खरा प्रश्न विचारला.

“काहीही घातलंस तरी बदलावं लागेल,” मित्र म्हणाला. “जिवाणू नायट्रेटपर्यंत आणून सोडतात. ते साठत जातं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचंच. फिल्टरने पाणी वाचत नाही, मासे वाचतात.”

पंधरा लिटर म्हणजे एक बादली. टँकरच्या दिवसांत आठवड्याला एक बादली! मी खिन्न होऊन घरी आलो. टाकी विकून टाकावी असे मनात होते. पण आधी नातीला दिलेला शब्द पाळायला हवा होता. तिला जवळ बसवून सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, “तेव्हा तुझे मासे माझ्या चुकीने मेले. मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मीपण खूप खाऊ टाकत होते.”

मावशी फरशी पुसत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “काका, आमच्या लेकीच्या घरी रांजणात गप्पी मासे हायेत. दोन वर्सं झाली. ना फिल्टर, ना कापूस, ना खाऊ. ते कामून मरत न्हाईत?”

आरोग्य खात्याची माणसे डास मारण्यासाठी हौदांत, टाक्यांत गप्पी मासे सोडतात, त्यांतलेच हे मासे. मी हा प्रश्न घेऊन पुन्हा मित्राकडे गेलो. तो म्हणाला, “तुझ्या मावशींनी सगळ्या पुड्यांचं उत्तर दिलं. रांजणाच्या आतल्या अंगाला हिरवं-तपकिरी शेवाळ असेल बघ. तोच फिल्टर. मासे नखाएवढे, थोडे, आणि पोट भरतात डासांच्या अळ्यांवर. तू साठ लिटरमध्ये दोन गोल्डफिश ठेवलेस. ते वीतभर वाढणारे जीव, घाणही तशीच करणार.” मग त्याने 1850 सालची एक गोष्ट सांगितली. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि सगळ्यांचा संसार सुरळीत चालू लागला. खाणारा, घाण करणारा आणि ती पचवणारा यांची तोंडमिळवणी झाली पाहिजे. डब्यात काय घालायचे हा त्याच हिशेबातला एक आकडा.

गणपतीच्या दिवसांत आम्ही टाकी पुन्हा मांडली. यंदा डबा माझ्या हाताने भरला: खाली चिनी मातीच्या नळ्या, त्यावर कापसाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर, जेथे पाणी पडते तेथे, जाड स्पंज. कोळसा डबीत आणि झिओलाइट दुकानातच. आमच्याकडे वीज केव्हा जाईल सांगवत नाही, आणि वाहते पाणी थांबले की जिवाणू गुदमरतात. म्हणून हवेवर चालणारा एक साधा स्पंजाचा फिल्टर आत ठेवला आणि त्याला बॅटरीचा पंप जोडला. पाणी दोन दिवस उघड्या पिंपात मुरवून मग भरले. मावशींनी लेकीच्या रांजणातला एक शेवाळलेला दगड ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. ते आमचे विरजण.

मासा नसलेल्या त्या टाकीत नात रोज चिमूटभर खाऊ टाकी, म्हणजे तो कुजून जिवाणूंची भूक भागेल. थेंबांची परीक्षा करून ती वहीत रंग लिहून ठेवी. अमोनियाचा पिवळा रंग हिरवा झाला, काही दिवसांनी परत पिवळ्यावर आला. मग नायट्राइटचा निळा रंग जांभळा झाला. तो निळा होण्याची वाट पाहण्यात पितृपक्ष संपला, घट बसले. मी दोनदा म्हणालो, “सोडूया का आता मासे?” ती म्हणाली, “नाही आजोबा, अजून जांभळा आहे.” पाच आठवडे झाले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहीत ‘निळा’ असे लिहिले गेले.

दसऱ्याला मावशी नातवाला घेऊन सोने द्यायला आल्या. पोर सात-आठ वर्षांचे. हातात झाकण लावलेली बरणी होती आणि तीत पाच गप्पी मासे.

“लेक अन् जावई ऊसतोडीला निघाले,” मावशी म्हणाल्या. “घराला कुलूप लागनार. रांजन आटून जाईल. पोरगं माझ्यापाशी ऱ्हातंय, पर मासळी कुठं ठिवू? रडायला लागलं.”

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. ते पोर माझ्या नातीला म्हणाले, “आई आली की परत द्यायचे.”

“वहीत लिहिते,” नात म्हणाली, आणि तिने खरोखरच तारीख घालून लिहिले: पाच मासे, परत द्यायचे.

तेव्हापासून ते पोर दर रविवारी येते. दोघे मिळून एक बादली पाणी काढतात. त्यातले तांब्याभर पाणी एका भांड्यात घेऊन स्पंज त्यात दोनदा पिळायचा, एवढेच त्याचे स्नान; नळ नाही, साबण नाही. उरलेली बादली तुळशीला आणि कढीपत्त्याला जाते. नायट्रेट हे झाडांचे खतच. कढीपत्ता असा कधी फुटला नव्हता, असे सौ. स्वतः म्हणते. थोडे पाणी मावशी त्यांच्या मेथीच्या वाफ्याला नेतात. म्हणजे जी बादली मी माशांवर उधळली असे वाटत होते, ती झाडांना मिळतेच आहे, फक्त वाटेत माशांकडे थांबून जाते. येत्या मे महिन्यात हा हिशेब जमेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही. पण तोवर पाचांतले चार आकडे नातीला पाठ झाले आहेत.

आणि आता सौ. घासणी घेऊन उभी होती.

मी तिला विरजणाचे सांगितले, रांजणाचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग स्पंजाकडे पाहिले, टाकीत फिरणाऱ्या पाच नखांएवढ्या जिवांकडे पाहिले आणि घासणी खाली ठेवली.

“परक्याची ठेव आहे म्हणून सोडते,” ती म्हणाली. “पण वरची काच मी पुसणार.”

काल पाहिले तर टाकीत सहावा मासा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. नातीने वही काढली आणि पाचाचे सहा केले.